चारच गाणी

दाढ दुखायला लागली म्हणून पेन्सिल दातांच्या डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी त्याला खुर्चीत आडवं केलं, तोंडात कापूस कोंबला, लाळ ओढणारी नळी ओठाच्या कोपऱ्यात अडकवली आणि मग विचारलं, "तुम्हीच ना ते, त्या बँडवर लिहिणारे? खरंच कसे होते हो ते लोक?"

पेन्सिलने घशातून दोन आवाज काढले. डॉक्टरांना तेवढं उत्तर पुरलं. ते म्हणाले, "वाटलंच होतं मला," आणि दाढ कोरायला लागले.

हा प्रश्न त्याला न्हाव्याने विचारला होता, मीटर बघायला येणाऱ्या माणसाने विचारला होता. आईला शेवटचा निरोप देऊन सगळे स्मशानातून परत निघाले, तेव्हा बायकोच्या एका चुलत मेहुण्याने खांद्यावर हात ठेवून हळूच विचारला होता. सदतीस वर्षं त्याने एकाच वर्तमानपत्रात संगीतावर लिहिलं. वाद्यं दुरुस्त करणाऱ्यांवर लिहिलं, गिरणीतल्या कामगारांच्या वाद्यवृंदावर लिहिलं, एका आंधळ्या अकॉर्डियनवाल्यावर तर पाच भागांत लिहिलं. त्यातलं कुणाला काही आठवत नव्हतं. लोकांना तेवढा बँड आठवत होता, आणि बँडला चिकटून आलेला हा.

त्याचं नावही लोक विसरले होते. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका उघड्या मैदानावर कार्यक्रम ऐन भरात असताना पाऊस कोसळला. सगळ्या वार्ताहरांच्या वह्यांवरून शाई वाहून गेली, याची तेवढी शिसपेन्सिल टिकली. तेव्हापासून तो पेन्सिल. घरी पाहुणे असले की बायकोसुद्धा "आमचे पेन्सिल" म्हणायची.

बँडबद्दल बायकोचं मत पहिल्यापासून स्पष्ट होतं. "एक सवत असती तर झिंज्या धरल्या असत्या," ती म्हणायची. "इथे चार सवती, आणि चौघींना दाढ्या. मी कुणाकुणाला धरू?"

ते कसे होते याचं खरं उत्तर असं होतं की ते बहुतेक वेळ झोपलेले असायचे. हॉटेलात, गाडीत, रंगमंचामागे ठेवलेल्या लाकडी खोक्यांवर, एकदा तर मुलाखत चालू असताना. पेन्सिलच्या आयुष्यातली चांगली दोन-अडीच वर्षं, सगळे तास जोडले तर, निव्वळ वाट बघण्यात गेली असतील. भिंतीला टेकवलेल्या घडीच्या खुर्च्या, कागदी पेल्यातला गार झालेला चहा, बंद दार, आणि दाराबाहेर "आत्ता येतील" म्हणणारा कुणीतरी. आत गेलं की चार दमलेले लोक. पण हे सांगून कुणाचं समाधान होत नसे, म्हणून त्याने तीन-चार गमती तयार ठेवल्या होत्या. ड्रमवाल्याने हॉटेलच्या स्वयंपाकघरातली पातेली पळवली ती, गायकाला लिफ्टची भीती वाटायची ती. त्या गमती सांगून सांगून इतक्या गुळगुळीत झाल्या होत्या की त्या घडल्या होत्या की नाही याची त्यालाच आता खात्री राहिली नव्हती.

सुरुवात मात्र गंमत नव्हती. तो तेवीस वर्षांचा होता आणि ते चौघेही त्याच्याच आगेमागे. फरशांच्या एका गोदामात त्यांची तालीम चालायची. मोठ्याने वाजवलं की फरशांच्या थप्प्या किणकिणायच्या. पेन्सिलने त्यांच्यावर बारा ओळी लिहिल्या. पुढच्या वर्षी अर्धं पान लिहिलं. मग ते मोठे झाले आणि त्यांच्याबरोबर तोही थोडा मोठा झाला. कोणी कोणाला वर नेलं हा वाद त्याच्या ऑफिसात चहाच्या वेळी चालायचा. तो स्वतः त्यात कधी पडला नाही, पण मनातल्या मनात त्याचा एक निकाल ठरलेला होता.

त्या गोदामात पाचवा माणूसही होता. आवाज सांभाळणारा. गर्दीच्या मधोमध ठेवलेल्या लांबलचक मिक्सरपाशी बसून कुणाचा आवाज किती पुढे, किती मागे, हे तो ठरवायचा. बँड त्याला कानसेन म्हणायचा. तो फारसा बोलत नसे. वाजवणाऱ्यांपैकी कुणी चुकलं की डाव्या कानाची पाळी ओढायचा, एवढंच. पेन्सिलची आणि त्याची गट्टी जमली, कारण दोघांनाही सगळ्यांत आधी यावं लागायचं आणि दोघांकडेही कुणी बघायचं नाही. भर दुपारी रिकाम्या स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून दोघं पाव खायचे आणि गुडघेदुखीपासून पोरांच्या शाळेपर्यंत काय वाटेल ते बोलायचे. लिहिण्यासारखं त्यात कधी काही नसायचं.

सव्वीस वर्षांपूर्वीच्या एका दुपारी ते आलं.

ऊन इतकं होतं की सिमेंटच्या पायरीवर बसवत नव्हतं. दोघं सावलीच्या पट्ट्याबरोबर सरकत सरकत बसले होते. खाली रंगमंचावर माणसं तारा ओढत होती.

"त्याचा गळा गेलाय," कानसेन म्हणाला.

"गायकाचा?"

"वरचे सूर लागत नाहीत. डॉक्टर म्हणतात सहा महिने तोंड बंद ठेव. मॅनेजर म्हणतो दौरा संपू दे. म्हणून मी चार गाण्यांना टेप लावतो. जुन्या चांगल्या गळ्याची. माइक हळूच खाली घेतो, टेप हळूच वर. मिक्सरच्या खाली मशीन ठेवलंय, वर निळा टॉवेल टाकून."

"चारच?"

"चारच. बाकीची सोळा तो स्वतः गातो. कसा गातो ते मला माहीत. मधे मागे जाऊन थुंकतो, त्यात रक्त असतं." मग तो म्हणाला, "मला त्या मशीनला हात लावायचा कंटाळा आलाय रे."

"हे लिहू नको" असं तो म्हणाला नाही. पेन्सिलला हे नंतर कितीतरी वेळा आठवलं आणि दर वेळी त्याने त्याचा आधार घेतला.

त्याने लिहिलं. माहिती कुणी दिली ते लिहिलं नाही. पण बातमीला धार यावी म्हणून मिक्सरखालचं मशीन लिहिलं, आणि निळा टॉवेलही लिहिला. त्या मिक्सरपाशी एकच माणूस बसायचा, हे जगाला नाही तरी बँडच्या मॅनेजरला ठाऊक होतं.

दुसरंही एक झालं. वहीत त्याने "चार" लिहिलं होतं. ऑफिसात टाइप करताना त्याला ते फारच किरकोळ वाटलं, म्हणून त्याने "बरीचशी गाणी" केलं. संपादकांनी, ज्यांना सगळे पाठीमागे कात्री म्हणत, "बरीचशी" खोडून "सगळी" केलं आणि वर मथळा ठोकला: "उसना गळा!" छापायला जाण्याआधी पान पेन्सिलसमोर आलं होतं. त्याने "सगळी" हा शब्द पाहिला. पाहिला, आणि सही केली.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे, निदान ज्यांना त्या बँडचं काही पडलं आहे त्यांना. पुढच्या कार्यक्रमात गायकाने ती गाणी टेपशिवाय म्हणायचं ठरवलं. दुसऱ्याच गाण्याला गळा फाटला. चाळीस हजार माणसं शिट्ट्या मारायला लागली. दौरा तिथेच संपला. गायकाच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. सात महिन्यांनी आवाज आला तो अर्धा, खालच्या पट्टीतला. बँडने पेन्सिलला दार बंद केलं ते नऊ वर्षांसाठी. चाहत्यांची पत्रं पोत्याने आली. एकाने तर खोकंभर मोडलेल्या पेन्सिली पाठवल्या. बायकोने त्या टोकं करून मुलीला शाळेत वापरायला दिल्या.

मग काळ गेला तसं वारं फिरलं. तीच बातमी धाडसी ठरली. तिला बक्षीस मिळालं, लाकडी पाटीवर पितळी अक्षरं असलेलं. कॉलेजातली पोरं ती बातमी अभ्यासायला लागली. पेन्सिल भाषणं द्यायला जायचा, टाळ्या घ्यायचा, आणि परत येताना बसमध्ये खिडकीला डोकं टेकून डोळे मिटायचा. कानसेनचं काय झालं ते त्याला माहीत नव्हतं. त्याला काढलं एवढं कळलं होतं. एकदा भेटायला जायला हवं, असं तो पहिल्या वर्षी दर आठवड्याला म्हणायचा. दुसऱ्या वर्षी महिन्याला म्हणायचा. पुढे जायला तोंड राहिलं नाही.

गेल्या हिवाळ्यात गायक वारला. वर्तमानपत्रांनी पुन्हा रकाने भरले, आणि वसंतात पेन्सिलच्या दारात एक फिल्मवाली बाई आली. तिशीची, बोलायला गोड, हातात फळांची पिशवी. बँडवर लांबलचक माहितीपट काढायचा होता. तिला पातेल्यांची गंमत हवी होती, लिफ्टची हवी होती, पण मुख्य म्हणजे टेपची गोष्ट हवी होती.

"कॅमेऱ्यासमोर सांगाल ना? तुम्हाला कुणी सांगितलं, कसं कळलं?"

पेन्सिलच्या कानात गेली दहा वर्षं बारीक शिट्टी वाजायची. आयुष्यभर मोठ्या भोंग्यांशेजारी उभं राहिल्याचा प्रसाद. थकला की ती वाढायची. आत्ता ती वाढली होती.

"मला आधी एका माणसाला विचारावं लागेल," तो म्हणाला.

"ते हयात आहेत का?"

त्याला ते माहीत नव्हतं. हे त्या बाईसमोर कबूल करताना त्याची मान आपोआप खाली गेली. स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी होती. हातातलं फडकं तिने उगाचच दोनदा झटकलं.

सव्वीस वर्षांत जे त्याला जमलं नव्हतं, ते त्या बाईच्या ऑफिसातल्या एका मुलीने अर्ध्या दिवसात केलं. तिने पत्ता पाठवला. शहर तेच होतं. दोन बसेस बदलून तासाभराचा रस्ता.

कपडे धुऊन-इस्त्री करून देणाऱ्या दुकानाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर ते घर होतं. जिन्यात गरम वाफेचा आणि साबणाचा वास भरून राहिला होता. प्रत्येक मजल्यावर थांबत, कठडा धरत पेन्सिल वर चढला. दार कानसेनच्या बायकोने उघडलं. पूर्वी दोन-तीनदा भेट झाली होती. केस पूर्ण पांढरे झाले होते, बाकी ती तीच होती, ताठ.

"तुम्ही ते पेपरवाले," ती म्हणाली.

"हो वहिनी."

"बूट तिथे काढा."

आत खिडकीपाशी खुर्चीत कानसेन बसला होता. पायांवर पांघरूण, पुढ्यातल्या टेबलावर उघडलेला एक छोटा रेडिओ, स्क्रू बशीत काढून ठेवलेले. त्याने मान वर केली आणि पेन्सिलकडे पाहत राहिला, बराच वेळ, घाई नसलेल्या माणसासारखा.

"कसे आहात तुम्ही?" पेन्सिलने विचारलं.

"आता मी तुम्ही झालो का?"

पेन्सिल समोरच्या खुर्चीच्या कडेवर बसला. "कसा आहेस?" त्याने पुन्हा विचारलं.

"गुडघे गेले. कान आहेत." कानसेनने डावी पाळी ओढली. "तुझे?"

"शिट्टी वाजते आत."

"किती उंच?"

पेन्सिलने तोंडाने आवाज काढून दाखवला. कानसेनने दोन्ही डोळे मिटून ऐकला आणि मान हलवली, डॉक्टर हलवतात तशी. "ती जाणार नाही. पंखा लावून झोपत जा, थोडी झाकली जाते."

वहिनींनी चहा आणून ठेवला आणि त्या आत गेल्या नाहीत. भिंतीशी स्टूल घेऊन बसल्या. पेन्सिलने घसा साफ केला. फिल्मवाल्या बाईबद्दल सांगितलं, टेपबद्दल विचारत आहेत म्हणाला, तुझं नाव घेऊ का, नको म्हणालास तर नाही घेणार. तयार करून आणलेलं सगळं तो एका दमात बोलला. बोलून झाल्यावर त्याला स्वतःलाच कळलं की तो आला होता ते काम काढून आला होता. याही वेळी.

"एवढ्यासाठी आलात?" वहिनी म्हणाल्या.

"अगं, असू दे," कानसेन म्हणाला.

"का असू दे? दोन वर्षं हे घरी बसून होते. कुठला बँड ठेवून घेईना. म्हणायचे, याचं तोंड फाटकं आहे. मी सकाळी एका शाळेत शिकवत होते, दुपारी दुसऱ्या. यांना रोज वाटायचं जिन्यात पाय वाजले की तुम्हीच. मला सांगत नव्हते, पण रेडिओचा आवाज बारीक करायचे. मला काय कळत नव्हतं?"

पेन्सिलने चहाचा कप उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"मी टॉवेलचं लिहायला नको होतं," तो म्हणाला.

"टॉवेलचं सोड," कानसेन म्हणाला. "मी तुझ्याशी बोललो तेव्हा मला माहीत होतं कुणाशी बोलतोय. तू काय भिंत होतास? मला ते मशीन बंद व्हायला हवं होतं. माझ्याच्याने होत नव्हतं, म्हणून तुझ्या गळ्यात टाकलं. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं थोडंच थांबतं. नोकरी जाणार हेही दिसत होतं. त्याचं मला काही नाही."

बशीतला एक स्क्रू त्याने बोटाने इकडून तिकडे ढकलला.

"नंतर बसस्टँडवर लागलो. घोषणांच्या यंत्रणेवर. तिथे आधी काय बोलतात ते कुणाला कळायचं नाही, नुसती घरघर. मी सगळे भोंगे खाली उतरवले, तोंडं फिरवली, पुन्हा लावले. पाच नंबरला गाडी लागली हे शेवटच्या बाकावरच्या म्हातारीलाही ऐकू यायला लागलं. एकोणीस वर्षं. वाईट गेली नाहीत."

"मग?" पेन्सिलने विचारलं. मगच्या पुढे काहीतरी होतं हे त्याला दिसत होतं.

"तो आला होता इथे," कानसेन म्हणाला. "गायक. ऑपरेशननंतर. बोलायला बंदी होती, म्हणून खिशात चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि पेन. तू बसलायस तिथेच बसला. पहिली चिठ्ठी लिहिली, चहा बिनसाखरेचा. दुसरी लिहिली, तुला काढलं ते मला उशिरा कळलं. मी म्हटलं, असू दे. मग कितीतरी वेळ तो नुसता बसला. आणि तिसरी लिहिली."

"काय?"

"चारच होती ना रे?"



"त्याला माझ्या तोंडून ऐकायचं होतं," कानसेन म्हणाला. "सगळं जग म्हणत होतं की हा एकही गाणं गायला नाही. त्याला स्वतःलाच शंका यायला लागली असेल. मी म्हटलं, चारच. सोळा तू गायलास, मी होतो तिथे. तेव्हा तो रडला. आवाज काढायचा नाही म्हणून तोंडावर हात दाबून. मी तुला टॉवेल माफ केला केव्हाच. हे नाही जमलं. मी तुला चार सांगितली होती."

पेन्सिल म्हणाला, "मी चारच लिहिलं असतं तर कात्रीने—" आणि मग गप्प झाला, कारण कात्री मरून अकरा वर्षं झाली होती आणि मेलेल्या माणसावर ढकलायला फार अक्कल लागत नाही.

"नाव घे माझं," निघताना कानसेन म्हणाला. "आता काय व्हायचंय मला. पण आकडा बरोबर सांग."

घरी येताना बसमध्ये पेन्सिलने एक आशा धरून ठेवली. माणूस म्हातारा झालाय, कदाचित त्याचीच आठवण चुकत असेल. कदाचित "बरीचशी" तोच म्हणाला असेल. घरी पोचल्यावर त्याने कपडेसुद्धा बदलले नाहीत. कपाटाच्या तळातून त्या वर्षाची वही काढली. शिशाची अक्षरं फिकी झाली होती, पण खिडकीजवळ धरली की नीट वाचता येत होती. टेप, चार गाणी. त्याखाली गाण्यांची नावंही लिहिली होती, एकाखाली एक. आणि त्याखाली: बाकी १६ स्वतः, रक्त.

रक्ताचं त्याने बातमीत लिहिलंच नव्हतं. ते लिहिलं असतं तर वाचणाऱ्याला गायकाची दया आली असती.

बायको मागे येऊन उभी राहिली. तिने वही वाचली, चष्मा कपाळावर सारला. "मग आता?"

"आता काय. तो गेला."

"बैल गेला आणि झोपा केला," ती म्हणाली. मग त्याच्या हातातून वही काढून घेऊन तिने त्याच्यासमोर पाण्याचं भांडं ठेवलं. "पण करा. रिकामा का होईना, गोठा तरी नीट दिसेल."

फिल्मचं काम एका भाड्याच्या खोलीत झालं. दिवे फार होते आणि खुर्ची फार मऊ होती. पेन्सिलने आधी सांगून टाकलं की गमती आज नाहीत. कानसेनचं नाव घेतलं, तो काय म्हणाला ते सांगितलं, वही उघडून कॅमेऱ्यासमोर धरली. मी चारचं बरीचशी केलं, दुसऱ्याने सगळी केलं, ते मी पाहिलं आणि सही केली. उरलेली सोळा गाणी तो माणूस रक्त थुंकत गायला आणि मी ते लिहिलं नाही. हे बोलायला त्याला अकरा मिनिटं लागली. बोलून झाल्यावर त्याला घरी जाऊन आडवं व्हावंसं वाटत होतं. फिल्मवाल्या बाईचे डोळे ओले झाले होते. ती म्हणाली, "फार मोठं बोललात तुम्ही."

शरद ऋतूत फिल्म आली. घरी बायको, मुलगी, जावई सगळे टीव्हीसमोर बसले. दोन तासांच्या फिल्ममध्ये पेन्सिल दीड मिनिट होता. बक्षिसाची पाटी दिसली, जुन्या बातमीचा मथळा पडदाभर आला, आणि पेन्सिल म्हणताना दिसला, "कानसेन म्हणाला, मला त्या मशीनला हात लावायचा कंटाळा आलाय." तेवढंच. लगेच पुढे पातेल्यांची गंमत, ड्रमवाल्याच्या स्वतःच्या तोंडून. चार नव्हती, सोळा नव्हती, वही नव्हती.

"छान दिसत होतात, बाबा," मुलगी म्हणाली.

फिल्मवाल्या बाईला त्याने फोन केला. ती खरोखर वरमली होती. म्हणाली, लांबी वाढत होती, वरच्या लोकांनी कापलं. पेन्सिलला राग आला नाही. आयुष्यभर वरच्या लोकांनी कापलेलं त्याने पाहिलं होतं, आणि एकदा स्वतःही पाहून सही केली होती.

मग तो आपल्या जुन्या ऑफिसात गेला. इमारत तीच होती, पण निम्मे मजले दुसऱ्या कुणाला दिलेले. नवे संपादक त्याच्या मुलीच्या वयाचे. त्यांनी उठून खुर्ची दिली, भिंतीवर लावलेली जुनी बातमी कौतुकाने दाखवली. पेन्सिलने दुरुस्तीचा कागद पुढे केला.

संपादकांनी तो दोनदा वाचला. "सर, सव्वीस वर्षं झाली. गायक नाहीत, त्या वेळचे संपादक नाहीत. ही दुरुस्ती कुणासाठी?"

"सगळी आणि चार यांत फरक आहे म्हणून."

"लोक म्हणतील, वरातीमागून घोडं."

"म्हणू देत. घोडं तरी पोचलं म्हणतील."

संपादक हसले आणि कागदावर खूण केली. चौथ्या दिवशी आतल्या पानावर खालच्या कोपऱ्यात दुरुस्त्यांच्या चौकटीत ते छापून आलं. त्याच्या वर, शब्दकोड्यात आडवा सातवा शब्द चुकला होता त्याची दिलगिरी होती. त्याच्या खाली, एका शाळेच्या फोटोत उजवीकडून आणि डावीकडून उलट झाल्याची. मधे पाच ओळी: अमुक तारखेच्या बातमीत सर्व गाणी ध्वनिमुद्रित असल्याचे म्हटले होते. प्रत्यक्षात वीसपैकी चार गाणी ध्वनिमुद्रित होती. उरलेली सोळा गायकाने आजारी असताना स्वतः गायली. चूक बातमी लिहिणाऱ्याची होती.

तीन वाचकांची पत्रं आली. एकाने विचारलं, हे आता का? दुसऱ्याने विचारलं, हा गायक कोण? तिसरी एक बाई होती. तिने लिहिलं होतं की त्या दौऱ्यात ती सोळा वर्षांची होती, वडिलांबरोबर गेली होती, आणि बातमी आल्यावर वडील 'फसलीस' म्हणत तिला हसले होते. एवढंच. खाली सही.

पेन्सिलने तो कागद घडी घालून खिशात ठेवला आणि पुढच्या मंगळवारी दोन बसेस बदलून गेला. या वेळी काही काम नव्हतं. दार वहिनींनीच उघडलं. आत रेडिओ जोडून झाला होता आणि बारीक आवाजात बातम्या सांगत होता. खिडकीपाशी कानसेन खुर्चीत झोपला होता, मान एका बाजूला, मांडीवर दुरुस्तीच्या चौकटीचं पान.

"वाचलं त्यांनी," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. "दोनदा. बोलले नाहीत काही." मग म्हणाल्या, "उठवू का?"

"नको," पेन्सिल म्हणाला. "मला घाई नाही."

त्यांनी त्याला आतून उशी आणून दिली. तो समोरच्या खुर्चीत नीट मागे टेकून बसला. रेडिओवर हवामान सांगत होते. कानसेन संथ श्वास घेत होता. थोड्या वेळाने पेन्सिलचेही डोळे मिटले.